पर्यावरणीय आरोग्य आणि घरातल्या पर्यावरणपूरक सवयी: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत पर्यावरणीय आरोग्य हा विषय शिकते आहे. हे कळल्यापासून कॉलेजातली ज्युनिअर मुलं, बिल्डिंगमधल्या काकू, आत्या-मामा सगळेच काही ना काही विचारत असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर मधूनच उघडून वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पर्यावरणीय आरोग्य म्हणजे नेमकं काय? झाडं लावणं, नद्या वाचवणं वगैरेच ना?

त्याच्याशी जवळचं नातं आहे, पण प्रश्न वेगळा आहे. हवा, पाणी, अन्न, कचरा, आवाज, उष्णता आणि आपण राहतो ते घर यांचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो आणि त्यातून होणारे आजार आधीच कसे रोखायचे, हे या विषयात शिकतात.

मुंबईला हा विषय नवा नाही. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला. धान्याची गोदामं, उंदीर, आणि ऊन-वारा कधीच न पोहोचणाऱ्या खोल्यांत दाटीनं राहणारी माणसं, असा तो भाग होता. शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये इथेच प्लेगची लस तयार केली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते त्यानं काढले, दादर-माटुंग्याची आखीव वस्तीही त्यातूनच उभी राहिली. पण त्या रस्त्यांसाठी ज्यांच्या चाळी पाडल्या, त्यातल्या अनेकांना परवडेल असं दुसरं घर मिळालं नाही आणि ते शेजारच्या वस्तीत आणखी दाटीनं राहू लागले. म्हणून कुठलाही उपाय समोर आला की त्यानं कोणाची तब्येत सुधारते आणि त्रास कोणाच्या वाट्याला जातो, हे मी आधी बघते. पुढची सगळी उत्तरंही त्याच नजरेनं लिहिली आहेत.

२. सुरुवात कुठून करू? बांबूचा ब्रश, स्टीलची बाटली, कापडी पिशव्या मागवल्यात.

मागवल्या असतील तर वापरा. पण सुरुवात खरेदीनं करायची गरज नाही. घरात आहे ती बाटली फुटेपर्यंत वापरणं हे नवी स्टीलची घेण्यापेक्षा केव्हाही चांगलं. पिशव्या तर प्रत्येक घरात जुन्या साडीच्या, चादरीच्या शिवता येतात.

माझा क्रम असा आहे: आधी श्वासातून आत जाणाऱ्या गोष्टी (प्रश्न ३ ते ६), मग पाणी आणि डास (८ ते १०), मग ओला कचरा (११, १२). दुकानातून आणायच्या वस्तू सगळ्यात शेवटी. जाहिराती हा क्रम बरोबर उलटा लावतात.

३. एक्यूआय १०० च्या आत असला की हवा चांगली, बरोबर?

एक्यूआय म्हणजे हवा किती प्रदूषित आहे ते सांगणारा आकडा. आपल्याकडे ५० पर्यंत ‘चांगली’, ५१ ते १०० ‘समाधानकारक’, २०० पर्यंत ‘मध्यम’, ३०० पर्यंत ‘वाईट’, ४०० पर्यंत ‘अतिवाईट’ आणि त्यापुढे ‘गंभीर’ अशी विभागणी आहे. मुंबईत हिवाळ्यात ‘मध्यम’ हा शब्द रोज कानावर पडतो आणि लोक निश्चिंत होतात. तिथे थोडं थांबायला हवं.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. ते नाकात अडकत नाहीत, फुप्फुसात खोलवर जातात आणि काही रक्तातही उतरतात. भारतात २४ तासांसाठी त्यांची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि एक्यूआय १०० म्हणजे साधारण तेवढंच प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा मात्र १५ आहे. म्हणजे आपल्या ‘समाधानकारक’ दिवशीही त्यापेक्षा कितीतरी जास्त कण हवेत असू शकतात. धडधाकट माणसानं घाबरून घरात बसावं असा याचा अर्थ नाही. पण दमा असलेलं मूल, गरोदर बाई, हृदयविकार असलेले आजोबा घरात असतील, तर १०० ओलांडल्यावर त्यांचं धावणं, जिने चढणं, रस्त्याकाठचं फिरणं कमी करा.

आणखी एक. मुख्य आकडा गेल्या २४ तासांच्या सरासरीवरून काढलेला असतो. समोरच्या प्लॉटवर आत्ता कोणी पालापाचोळा पेटवला असेल, तर तो धूर त्या आकड्यात लगेच दिसणार नाही. तेव्हा नाकावर विश्वास ठेवा आणि खिडकी लावून घ्या.

४. मुंबईला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे. इथली हवा बिघडतेच कशी?

समुद्रामुळे बरंच निभावतं हे खरं. दुपारी समुद्रावरून येणारा वारा धूळ-धूर हलवतो आणि पावसाळ्यात हवा धुऊन निघते. पण पाऊस गेला की जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा जास्त वेळ टिकतो, त्याचा जोर कमी असतो, आणि रात्री-पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत बसून राहतो. मग बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर, कचरा जाळणं, रिफायनऱ्या आणि कारखाने यांतून जे काही हवेत गेलं, ते तिथेच साचतं.

पावाच्या भट्ट्यांचा उल्लेख केला की लोकांना राग येतो, कारण पाव हा आपला जीव की प्राण. पण बऱ्याच भट्ट्यांत लाकूड जळतं, तेही अनेकदा भंगारातलं, म्हणजे रंग, पॉलिश आणि प्लायचा गोंद यांच्यासकट. त्याचा धूर साध्या लाकडापेक्षा जास्त विषारी असतो आणि तो आधी जातो तिथल्याच कामगाराच्या छातीत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशा बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. छोट्या बेकरीवाल्याला हा खर्च एकट्याला झेपणारा नाही, त्यासाठी मदत मिळायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या गल्लीतल्या बांधकामाभोवती पत्रे नसतील, हिरवं कापड फाटलं असेल, राडारोड्याचे ट्रक उघडे जात असतील, तर फोटो काढून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात किंवा १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार करा. बांधकामाची धूळ रोखण्याचे नियम महापालिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेले आहेत.

५. रुमाल किंवा कापडी मास्क बांधला तर चालेल?

धुळीपासून थोडा आडोसा मिळतो, बारीक कणांपासून नाही. त्यासाठी एन-९५ लागतो, आणि तोही नाक-गालांना नीट चिकटून बसला तरच. दाढीवर तो बसत नाही. बाईकवरून हायवेनं जाणाऱ्यांनी आणि ट्रॅफिक सिग्नलवर काम करणाऱ्यांनी जरूर वापरावा.

६. बाहेरची हवा माझ्या हातात नाही. घरातल्या हवेचं काय?

इथे तुमच्या हातात पुष्कळ काही आहे.

पहिला नंबर डासांच्या कॉइलचा. बंद खोलीत एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण सोडते, ते ७५ हून जास्त सिगारेटींच्या धुराइतके असतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. बाळाच्या पाळण्याखाली कॉइल लावून दारं-खिडक्या बंद करणारी घरं आजही आहेत. त्याऐवजी मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी लावा. डास मुळात कमी कसे करायचे ते प्रश्न ९ मध्ये आहे.

दुसरा नंबर धूप-अगरबत्तीचा. आजीला ‘देवापुढे काही लावू नकोस’ असं सांगायची गरज नाही. अगरबत्ती एकच लावा, खिडकी उघडी ठेवा आणि दमेकरी माणूस त्या वेळी दुसऱ्या खोलीत असू दे. निरांजन आणि ताजी फुलं असली तरी पूजा पूर्णच होते.

तिसरं, स्वयंपाकघर. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि मासे तळताना, मिरच्यांची फोडणी देताना धुराचे कण उठतात. एक्झॉस्ट पंखा ठसका लागल्यावर लावू नका. कढई चढवतानाच चालू करा आणि गॅस बंद केल्यावरही थोडा वेळ फिरू द्या. त्या पंख्याची पाती तेलानं चिकट झाली की तो नुसताच आवाज करतो. महिन्यातून एकदा सोड्याच्या गरम पाण्यानं पुसल्या की फरक लगेच कळतो.

७. स्नेक प्लांट, मनी प्लांट ठेवले तर हवा शुद्ध होते ना?

होत नाही. हा समज नासाच्या १९८९ च्या प्रयोगातून आला. तो लहान बंदिस्त पेटीत केला होता. घरात तोच परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित शेकडो झाडं लागतील, असं २०१९ च्या एका आढाव्यात दिसलं. झाडं जरूर लावा, मनाला बरं वाटतं. फक्त बशीत पाणी साचू देऊ नका.

८. सोसायटीत सगळ्यांकडे आरओ आहे. आम्हीही घ्यावा का?

महापालिकेचं पाणी येत असेल तर बहुतेक घरांना गरज नाही. आपलं पाणी सात तलावांतून येतं: तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, भातसा, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा. ते मुळातच गोडं असतं, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. आरओचं मुख्य काम क्षार काढण्याचं. क्षार कमी असलेल्या पाण्याला आरओ लावून आपण चांगलं पाणी मोरीत सोडतो, कारण बरीच यंत्रं एक लिटर शुद्ध पाण्यामागे त्याहून जास्त पाणी वाया घालवतात.

इथला खरा धोका जंतूंचा आहे. पाणी काही तासच येतं. बाकी वेळ नळात दाब नसतो, तेव्हा फुटक्या जागेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. पुढे बिल्डिंगची टाकी वर्षानुवर्षं धुतलेली नसते. म्हणून सोसायटीनं टाकी नियमित धुऊन घ्यावी आणि घरात यूव्ही फिल्टर (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) वापरावा किंवा पाणी उकळून घ्यावं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं.

अपवाद: टँकर किंवा बोअरवेलचं पाणी. त्याची आधी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. क्षार खरोखरच जास्त निघाले तर आरओ घ्या आणि बाहेर पडणारं पाणी लादी पुसायला वापरा. ते बादलीत साठवताना मात्र पुढचं उत्तर लक्षात ठेवा.

९. आम्ही पाणी वाचवून ड्रममध्ये भरून ठेवतो. आता महापालिकेचे कामगार येऊन म्हणतात, अळ्या झाल्या. मग पाणी वाचवायचं की नाही?

वाचवायचं, पण झाकून. दोन चांगल्या सवयी एकमेकींच्या आड येतात त्याचं हे नेमकं उदाहरण. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, गटारात नाही. मुंबईतला मलेरियाचा डासही विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो. अंड्यापासून उडता डास तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायला सांगतात.

नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. एडिसची अंडी ड्रमच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही काही महिने जिवंत राहतात. काथ्यानं किंवा ब्रशनं कड घासा, मग उन्हात पालथा घाला. ड्रमच्या तोंडाला जुन्या सुती साडीचं कापड दोरीनं घट्ट बांधा, ते बिनफटीचं झाकण होतं. फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, एसीचं पाणी पडणारी बादली, कुंडीखालची बशी, गच्चीवरची ताडपत्री आणि बंद पडलेलं कारंजं या नेहमी विसरल्या जाणाऱ्या जागा आहेत.

१०. पावसात हिंदमात्याला गुडघाभर पाण्यातून चालत आलो. घरी येऊन आंघोळ केली की झालं?

आंघोळ करा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या पाण्यात उंदीर, कुत्री, गुरं यांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप येतो. जंतू जखमेतून, टाचेच्या भेगेतून, डोळ्यातून शिरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत या तापानं शहरात अनेक जीव गेले.

पायाला जखम असेल किंवा पाण्यात बराच वेळ काढला असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. ते प्रतिबंधक गोळी देतात. ती स्वतःच्या मनानं घेऊ नका, कारण गरोदर बायका आणि लहान मुलांना औषध वेगळं असतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं, तर ‘मी पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

११. आम्ही ओला-सुका वेगळा करतो, गाडीवाला एकत्र करतो. मग कशाला करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यातला वैताग रास्त आहे. तरीही वेगळा करा.

देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. ओला कचरा ढिगाखाली हवेशिवाय कुजला की मिथेन तयार होतो आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये तिथली आग कित्येक दिवस धुमसत होती. तो धूर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त गोवंडी-मानखुर्दच्या मुलांनी श्वासात घेतला. आपण फेकलेली शिळी भाजी त्या मिथेनमध्ये असते. शिवाय कचरा पुढे कुठे ना कुठे हातांनीच निवडला जातो. आमटीत भिजलेला कागद विकला जात नाही, कोरडा विकला जातो. त्यावर कचरावेचक बाईची दिवसाची कमाई ठरते, आणि त्याच ढिगातली काच तिच्याच हाताला लागते.

२०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते. २०२६ च्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (म्हणजे घरगुती घातक) असे चार भाग आहेत. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या, वर लाल खूण करा. फुटकी काच जाड कागदात बांधून त्यावर ‘काच’ असं लिहा. गाडीत एकत्र होत असेल, तर पाच-सहा घरांनी मिळून वॉर्डात लेखी तक्रार द्या, आणि सुका कचरा थेट जवळच्या सुका कचरा केंद्रात किंवा भंगारवाल्याकडे द्या.

१२. गॅलरीत खत करून बघितलं. पावसाळ्यात अळ्या पडल्या आणि शेजारी भांडायला आले. काय चुकलं?

बहुधा कोरडं कमी पडलं. मुंबईच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की भाज्यांच्या देठांतलं पाणी सुकतच नाही. पुस्तकात लिहिलेलं प्रमाण इथे जून ते सप्टेंबर चालत नाही. जेवढा ओला कचरा, तेवढाच वाळका पाला, नारळाचा भुसा किंवा लाकडाचा भुसा घाला, पावसाळ्यात थोडा जास्तच. मूठभर घेऊन दाबलं तर बोटांच्या फटीतून पाणी ठिबकता कामा नये. ठिबकलं तर त्या दिवशी नवीन कचरा टाकूच नका, भुसा मिसळून वर-खाली करा. अमोनियासारखा वास आला तर भुसा कमी आहे, आंबट कुजका वास आला तर हवा कमी आहे. विरजणासाठी आंबट ताक किंवा जुनं खत चालतं.

त्या जाड, तपकिरी अळ्या बहुतेक वेळा सोल्जर माशीच्या असतात. त्या खत झपाट्यानं करतात आणि कोणाला चावत नाहीत, पण शेजाऱ्यांना हे पटवण्यापेक्षा डब्याच्या भोकांना बारीक जाळी लावणं सोपं.

कोळंबीची सालं, माशांचे काटे, मटणाची हाडं गॅलरीतल्या डब्यात घालू नका. वास येतो आणि उंदीर येतात (उंदरांचं पुढे काय होतं ते प्रश्न १० मध्ये). ती कागदात बांधून ओल्या कचऱ्यात द्या. करवंट्या सुक्यात. निर्माल्य डब्यात चालतं, त्यातला दोरा आणि चमकी मात्र काढून घ्या.

१३. प्लास्टिकबंदी आहे, मग वडापाव वर्तमानपत्रात घेतला तर पर्यावरणपूरक झालं ना?

कचऱ्याच्या बाजूनं बघितलं तर हो, पोटाच्या बाजूनं नाही. गरम तेलकट वड्याला छपाईची शाई लागते आणि तिच्यात शिशासारखे धातू असू शकतात. अन्न सुरक्षा नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई आहे. कोरा कागद, केळीचं पान, पळसाची पत्रावळ किंवा स्वतःचा डबा उत्तम. हॉटेलच्या काळ्या प्लास्टिक डब्यात घरी पुन्हा गरम आमटी ओतू नका. त्यात कोरडं सामान ठेवा.

महाराष्ट्रात पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे. दुधाच्या पिशव्या तिच्यात येत नाहीत. त्या धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात द्या. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो इवलासा तुकडा कोणीच गोळा करत नाही.

१४. मासे खाणं सोडावं का?

कोकणातल्या माणसाला असं सांगायची माझी तयारी नाही, आणि गरजही नाही. लहान मासे जास्त खा: बांगडा, तारली, मांदेली, बोंबील. सुरमईसारखे मोठे शिकारी मासे लहान माशांतला पारा अंगात साठवत जातात. गरोदर बायका आणि लहान मुलांनी ते कमी खावेत. जून-जुलैच्या बंदीत मासे विणीवर असतात, तेव्हा सुकटीवर भागवा. आणि तळहातापेक्षा लहान पापलेट घेऊ नका. पापलेट २०२३ पासून आपला राज्य मासा आहे, त्याला एकदा तरी अंडी घालू द्या.

१५. शाडूची मूर्ती आणली म्हणजे विसर्जन कुठेही चालेल?

नाही. शाडू विरघळतो, पण हजारो मूर्तींचा गाळ तळ्यात बसतोच, आणि रंग रासायनिक असतील तर तेही पाण्यात जातात. छोटी मूर्ती, हळद-गेरूसारखे रंग आणि घरी बादलीत विसर्जन हे सगळ्यात बरं. तीच माती पुढच्या वर्षी मूर्तिकाराला देता येते किंवा कुंडीत घालता येते. पीओपीची मूर्ती घरी असेलच, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं शोधलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत वापरता येते. मूर्ती बादलीत विरघळते, वरचं पाणी पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं. अमोनियाचा उग्र वास येतो, त्यामुळे बादली गॅलरीत ठेवा.

१६. यात पुढे शिकायचं असेल तर विज्ञान शाखाच हवी का?

नको. रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र असेल तर प्रयोगशाळेचं काम सोपं जातं. पण सार्वजनिक आरोग्य, कायदा, नगररचना, समाजकार्य अशा वाटांनीही यात येता येतं. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था त्यासाठी माहीत असू द्या. लवकर नोकरी हवी असेल, तर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेची स्वच्छता निरीक्षक पदविका आहे. या पदाला लोक कमी लेखतात. मला मात्र वस्तीत रोज उतरून काम करणारा निरीक्षक या विषयातला सगळ्यात उपयोगी माणूस वाटतो.

१७. पाऱ्याचा थर्मामीटर हातातून पडून फुटला. पारा सुक्या कचऱ्यात टाकू की घातक?

घातक. पण आधी खोलीकडे बघा. मुलांना आणि मांजर-कुत्र्याला बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा आणि एसी बंद करा. हातातल्या सोन्याच्या बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा, कारण पारा सोन्याला धरतो. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्यानं गोळ्या फुटून सगळीकडे पसरतात. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात चढवा आणि दोन जाड कागदांनी गोळ्या एकत्र लोटा. लादीच्या सांध्यातले बारीक थेंब टॉर्च तिरपा धरला की चमकतात, ते चिकटपट्टीनं उचला. सगळं, वापरलेल्या कागदासकट, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, वर ‘पारा’ लिहा आणि घरगुती घातक कचऱ्यात स्वतः हातात द्या. अंगावरच्या कपड्याला पारा लागला असेल तर तो वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, त्याच कचऱ्यात द्या. खोली दिवसभर उघडी ठेवा.